पाच वाट्यांचं इंजिन

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी सकाळी तुम्ही चहा केलात, कप विसळून पालथा घातलात आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसलात. मी दूध घेऊन आले तेव्हा तुम्ही गेला होतात. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली. अनिलने तुमचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला.

वन्सं, त्या दिवसाबद्दल मला एवढंच लिहिता येतं. बाकीचं इतरांनी लिहिलं. चाळीच्या फळ्यावर अनिलनेच खडूने तुमचं नाव आणि वेळ लिहिली. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं होतं. नंतर तो जिन्यात बराच वेळ उभा राहिला. वर्तमानपत्रातल्या चार ओळींत तुम्ही कुणाची मुलगी आणि कुणाची बहीण ते होतं. विमानाचं काही नव्हतं.

तुमच्या भावाशी, अनिलशी, लग्न होऊन मी फणसवाडीत आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, थोरल्या नणंदेला नावाने हाक मारायची नाही, वन्सं म्हणायचं. तुम्ही खिडकीखालच्या टेबलापाशी बसून कुणाच्या तरी कवळीवर काम करत होतात. मी अदबीने "वन्सं" म्हटलं. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "कोण वन्सं? मला वाटलं एखादी म्हातारी आली." मग माझ्या तळहातावर मेणाचा एक दात ठेवलात. "नलू, हा चुकलाय. कुठे ते सांग." मला सांगता आलं नाही. "उजवीकडचा आहे आणि मी तो डावीकडे बसवत होते. सकाळपासून त्याच्याशी भांडतेय, आणि चूक माझी." सासरची भीती माझ्या मनातून गेली ती त्याच दुपारी. वन्सं ही हाक मात्र राहिली. आधी ती शिस्त होती, मग थट्टा झाली, आणि शेवटी तेच तुमचं नाव झालं. तुम्ही मला नलू म्हणायचात आणि मी तुम्हाला अहो-जाहो करायचे. एवढं अंतर ठेवून आपण एकमेकींच्या इतक्या जवळ कशा आलो, याचं मला आता नवल वाटतं.

तुम्ही आयुष्यभर दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्यात. निवृत्त झाल्यावर मी माझी पुस्तकं लावत बसले आणि तुम्ही रिमोटवर उडवायचं मोठं विमान करायला घेतलंत. लहान विमानं पूर्वी बरीच करून झाली होती. हे दोन मजली होतं, एकावर एक असे दोन पंख, मध्ये खांब आणि तिरक्या ताणलेल्या तारा. तारा तुमच्याच धंद्यातल्या, वेडेवाकडे दात सरळ करायच्या. बाल्साचं लाकूड कुरमुऱ्यासारखं हलकं. त्यातून पंखांच्या फासळ्या कापून तुम्ही त्या कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावून ठेवायचात. पाहुणे वर बघत आणि विचारत, "हे काय, मासे सुकवताय?" वैमानिकाचा पुतळा तुम्ही प्लास्टरचा केलात आणि त्याच्या तोंडात तांदळाच्या कणीएवढ्या दातांची पुरी कवळी बसवलीत. मी म्हटलं, "वन्सं, आकाशात कोण बघणार आहे त्याचे दात?" तुम्ही म्हणालात, "तो हसतोय ना, मग दात नकोत?"

दुपारी तुम्ही फासळ्या घासायचात आणि मी शेजारी बसून मोठ्याने वाचायचे. कॉलेजच्या ग्रंथालयात इतकी वर्षं काढूनही मला असा श्रोता मिळाला नव्हता. कंटाळवाणा भाग आला की तुमचा पॉलिशपेपर जोरात चालायचा. चांगलं वाक्य आलं की थांबायचा. मी पुढचं पान उलटायच्या आधी तुमच्या हाताकडे बघायला लागले होते.

मग इंजिन आलं. माझा भाचा जपानहून आणणार होता आणि तुम्ही आठवडाभर आधीपासून टेबल पुसून ठेवलं होतं. डबा उघडलात आणि आपण दोघी वाकून आत बघू लागलो. मध्ये मुठीएवढा गोल आणि त्याच्या भोवती पाच सिलिंडर, सारख्या अंतरावर, बाहेर तोंड करून. मी म्हटलं, "सदाफुली." तुम्ही मान हलवलीत. तेव्हापासून इंजिनाचं नाव तेच.

मी विचारलं, "पाच का? चार असते तर चाललं नसतं? पाच म्हणजे एक जास्तीचा वाटतो." जेवायची वेळ झाली होती. तुम्ही स्वयंपाकघरातून पाच वाट्या आणल्यात आणि टेबलावर गोल मांडल्यात. आमटीचं पातेलं घेतलंत. "ही पंगत आहे असं समज, आणि वाढणं म्हणजे सिलिंडर पेटणं. वाढप्याचा नियम असा की एक पान सोडून पुढच्याला वाढायचं. मग परत एक सोडायचं. असंच फिरत राहायचं." तुम्ही पहिल्या वाटीत पळीभर आमटी घातलीत, दुसरी सोडलीत, तिसरीत घातलीत, चौथी सोडलीत, पाचवीत घातलीत. मग पहिली सोडून दुसरीत. तिसरी सोडून चौथीत. पाचवी सोडली की हात पुन्हा पहिल्या वाटीवर. "दोन फेऱ्या. सगळ्यांना मिळालं, कुणाला दोनदा नाही, कुणी उपाशी नाही. आता एक वाटी उचल." मी उचलली. चार वाट्यांभोवती तुम्ही रिकामी पळी फिरवून दाखवलीत. पहिली, तिसरी, पुन्हा पहिली, पुन्हा तिसरी. दुसरी आणि चौथी तशाच. "निम्मी पंगत जन्मभर बघत बसणार. म्हणून पाच."

मी वाट्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर मी पुस्तकांत वावरले. जगात इतका न्याय एखाद्या यंत्रात बसवून ठेवला असेल आणि तो मला आमटीच्या पळीने कळेल, असं कधी वाटलं नव्हतं. अनिल आत आला आणि म्हणाला, "माणसं तीन आणि वाट्या पाच?" तुम्ही म्हणालात, "अन्या, बस. आज इंजिन जेवतंय."

नव्या इंजिनाला आधी बरेच दिवस हळूहळू, भरपूर तेल पाजून चालवावं लागतं. ते तुम्ही गच्चीवर केलंत. जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर सदाफुली बोल्टने आवळलीत आणि टेबल सरकू नये म्हणून त्याच्या पायावर सासूबाईंचा पाटा ठेवलात. मदतीला लालबागचे दळवी आले. गणपतीच्या मंडपांची रोषणाई करणारे, वर्षानुवर्षं विमानं उडवणारे, तुमचे या नादातले एकुलते सोबती. सुरू करण्याआधी तुम्ही इंजिनाचा पुढचा पंखा हाताने सावकाश फिरवायचात, बरेच वेढे. तेल उतरून खालच्या सिलिंडरांत साचतं. ते तसंच ठेवून चालवलं तर आतला दांडा वाकतो, असं तुम्ही मला सांगितलंत, जशी एखादी सासू सुनेला घरची रीत सांगते.

आणि मग तो आवाज. दळवींच्या विमानांचा मी ऐकला होता, डासासारखा चिरका. हा तसा नव्हता. हा खोल होता, गोल होता, एकाच्या पाठोपाठ एक पावलं पडावीत तसा. पाटा थरथरत होता. निळसर धूर माझ्या साडीवरून गेला. दळवी कानावर हात ठेवून हसत होते. "कुंदाताय, ह्यां इंजिन नाय, वाजाप आसा!" वाजाप म्हणजे वाजंत्री, ते मला तुम्ही नंतर सांगितलंत. त्या क्षणी सांगायची गरज नव्हती.

त्या इंधनात एरंडेल असतं. खालच्या मजल्यावरच्या पाध्येवहिनी जिना चढून वर आल्या. "कुंदाताई, एरंडेल कुणाला पाजताय? चाळभर वास सुटलाय. आमचे हे नुसत्या वासाने दोनदा जाऊन आले."

"त्यांना सांगा, अजून आठवडाभर आहे. औषधाचा खर्च वाचेल."

पाध्येवहिनी रागावून आल्या होत्या, पण इंजिन थांबेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि जाताना पाट्याला हात लावून गेल्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आवाज बिघडला. पावलांतलं एक पाऊल पडत नव्हतं. पाचांतला एक सिलिंडर पेटत नव्हता, आणि कुठला ते बाहेरून दिसत नव्हतं. तुम्ही आणि दळवी एकेक उघडून बघायचं म्हणत होतात. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तुमच्यासाठी आणलेला. मी म्हटलं, "तव्याला कसं कळतं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. घावन घालायच्या आधी तव्यावर पाणी शिंपडून बघतात, ते मला म्हणायचं होतं. तुम्हाला सांगावं लागलं नाही. तुम्ही इंजिन पुन्हा थोडं चालवून बंद केलंत, पंखा पुरता थांबू दिलात आणि म्हणालात, "कर."

मी बोटं भिजवून प्रत्येक सिलिंडरवर एकेक शिंतोडा उडवला. चर्र. चर्र. चर्र. चौथ्यावर पाणी नुसतं ओघळलं. पाचव्यावर पुन्हा चर्र. चौथ्याच्या डोक्यातली बारीक तापणारी तार गेली होती. दळवींनी ती बदलली आणि सगळी पावलं परत पडू लागली. तुम्ही मला शाबास वगैरे म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाताना फक्त विचारलंत, "तांब्या घेतलास?" त्या प्रश्नाने मला काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. मला पदवीदान समारंभात वाटलं नव्हतं इतकं मोठं वाटलं.

विमान दिवाळीत पूर्ण झालं. पंखांवर रेशीम चढलं, त्यावर लेप बसला, तारा ताणल्या गेल्या. आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, उडवू नका. इतकी वर्षं गेली यात, एका मिनिटात चुरा होईल. तुम्ही म्हणायचात, होईल. मी म्हणायचे, मग? तुम्ही म्हणायचात, मग काय, चुरा झाडून घेईन. मी म्हणायचे, एवढी सुंदर वस्तू मोडायला कुणी करतं का? एकदा तुम्ही खरोखर चिडलात. "नलू, कवळी करून डबीत ठेवतात का? चावायला करतात. तुटली तर परत करतात. पण न चावलेली कवळी म्हणजे नुसते खोटे दात."

तरी मी हरले नाही. मी म्हटलं, "आधी इंजिन पुरतं रुळू दे, मग बघू." इंजिन खरंच अजून रुळायचं होतं. संक्रांतीला आपण तिळगूळ देतानाही हाच वाद घातला. "गोड बोल," तुम्ही म्हणालात, "आणि माघी गणपती झाला की माळावर चल."

त्यानंतरच्या मंगळवारी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर अनिल ठाकूरद्वारला एका सुताराकडे जाऊन आला. बाहेरच्या खोलीत भिंतीशी काचेचं कपाट, पूर्ण उंचीचं, आत दिवा, त्यात विमान. मापं घेऊन झाली. मला बरं वाटलं, वन्सं. हे मला लपवायचं नाही. मला वाटलं, वादाचा निकाल लागला, आणि तुमची वस्तू सुरक्षित राहील.

पण एक गोष्ट मी सोडली नव्हती. दर रविवारी मी टेबलापाशी जाऊन पंखा हाताने फिरवत होते. एरंडेल पडून राहिलं की डिंकासारखं चिकट होतं आणि इंजिन धरतं, असं तुम्ही सांगितलं होतंत. एका रविवारी अनिलने पाहिलं.

"काय करतेस?"

"तेल साचतं. फिरवलं नाही तर जाम होतं."

त्याने जवळ येऊन पंखा धरला. मी म्हटलं, सावकाश. त्याने फिरवला, आणि थांबला. प्रत्येक सिलिंडरची पाळी आली की आतली हवा दाबली जाते आणि हाताला मागे रेटते. त्याला ते माहीत नव्हतं.

"हे उलट ढकलतंय," तो म्हणाला.

"हो. पाचही."

तो पुन्हा फिरवत राहिला. मोजत असावा. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "कपाटातच ठेवायचंय तर जाम झालं म्हणून काय बिघडलं?"

त्याने साधेपणाने विचारलं होतं. मी बोटांना लागलेल्या तेलाकडे पाहिलं. दिवाळीपासून मी तुमच्याशी जो वाद घालत होते, तो माझ्या हातांनी दर रविवारी सोडून दिला होता आणि मला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "अनिल, हे उडवायला हवं."

तो भडकला. "ताईची आठवण आहे ती! एवढं एकच तिचं उरलंय, आणि तू ते पाडायला निघालीस? तूच तर नको म्हणायचीस." सगळं खरं होतं. मी कवळीचं वाक्य त्याला सांगितलं. तो गॅलरीत जाऊन बसला, तुमच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. तुमच्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही. दोन दिवस तो तिथेच चहा प्यायला. मग एका संध्याकाळी भाजी निवडताना तो म्हणाला, "दळवींना फोन करायचा तर कर. मी येणार नाही."

रविवारी पहाटे दळवींचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी आला तेव्हा अनिल टोपी घालून पुढच्या सीटवर बसलेला होता. मी मागे विमानाशेजारी चढून बसले.

पनवेलच्या पलीकडचा तो माळ तुम्हाला माहीत आहे. मला नव्हता. गवत पिवळं पडलेलं, मध्ये कापून केलेली पट्टी, लांब डोंगराची रेघ. आम्ही पंख जोडले, तारा ताणल्या. मी पंखा हाताने फिरवला, सावकाश, बरेच वेढे. दळवींनी सुरू केलं. आवाज आला, आणि मला लगेच कळलं की एक पाऊल पडत नाही.

"वयनी, एक बसलो खंयतरी," दळवी म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. पंखा थांबला. ते पाना शोधत होते. मी पिशवीतून तांब्या काढला. अनिल बघत राहिला, त्याला गच्चीवरचं हे काही ठाऊक नव्हतं. मी बोटं भिजवली. चर्र. चर्र. तिसऱ्यावर पाणी ओघळलं. खालचा, तेल साचणारा. चर्र. चर्र. "हा," मी म्हटलं. दळवींनी तार बदलली, पुन्हा सुरू केलं, आणि माळावर पाचही पावलं पडू लागली. गोल, खोल, कुणी उपाशी नाही.

दळवींनी रिमोटची पेटी छातीशी धरली. साठी उलटलेला माणूस, उंच मंडपांवर दिवे लावत फिरलेला. "वयनी, तुमी सांगा. उडवू?"

मी अनिलकडे पाहिलं. तो विमानाकडे बघत होता. मी म्हटलं, "उडवा."

ते पट्टीवरून धावलं, शेपटी उचलली, आणि चाकांखाली उजेड दिसला. एवढंच झालं. चाकं आणि गवत यांच्यामध्ये बोटभर उजेड, मग हातभर, मग सगळं आकाश. वन्सं, मी उडण्यावर पुस्तकं वाचली आहेत. हवेचा दाब, पंखाचा बाक, सगळं मला समजावून सांगता येतं. त्यातलं काहीही त्या क्षणी कामाला आलं नाही. दोरीला चिमट्यांनी लटकलेल्या त्या फासळ्या, पॉलिशपेपर थांबायचा ती वाक्यं, आमटीच्या वाट्या, पाध्येवहिनींचा राग, हे सगळं माझ्या डोक्यावरून वळण घेत होतं आणि खाली पडत नव्हतं. वळताना दोन्ही पंखांच्या मधून ऊन आरपार आलं. रेशमातून फासळ्या दिसल्या, हाताची बोटं दिव्यासमोर धरल्यासारख्या. ते आमच्यावरून अगदी कमी उंचीवरून गेलं तेव्हा मला वैमानिक दिसला. तो हसत होता. त्याचे दात दिसले की मला तसं वाटलं, ते मला सांगता यायचं नाही.

अनिलने टोपी काढली होती. त्याचं तोंड किंचित उघडं होतं. तो म्हणाला, "हे ताईने केलं?" जणू त्याने ते विमान घरात रोज ओलांडून जाताना पाहिलंच नव्हतं.

उतरताना पट्टी सरत आली आणि एक चाक गवतात अडकलं. विमान फिरलं, खालचा डावा पंख जमिनीला घासला, आणि इंजिन बंद पडलं. दळवी मटकन खाली बसले. मी जागची हलले नाही. गुडघ्यांची तक्रार करणारा अनिल मात्र धावला. वाकून त्याने पंखाखाली हात घातला, चाचपून पाहिलं, आणि तिथूनच ओरडला, "कापड फाटलंय! दोन फासळ्या गेल्यात, बाकी सगळं ठीक!" मग विमान दोन्ही हातांवर घेऊन परत आला आणि दळवींना म्हणाला, "उठा हो. पुढच्या वेळी गवत आणखी लांबपर्यंत कापून घेऊ."

पुढच्या वेळी. मी ते ऐकलं.

वन्सं, तुम्ही जिंकलात. हे तुमच्यासमोर कबूल केलं असतं तर वर्षभर प्रत्येक जेवणात तुम्ही मला चिडवलं असतंत, आणि मी ते ऐकून घेतलं असतं. तुमच्याकडून मी काय काय घेतलं याचे आभार मानायचे राहिले. आपल्यात तशी पद्धत नव्हती. तुम्ही तांब्याची आठवण करून द्यायचात, मी तांब्या घ्यायचे, त्यातच सगळं बसत होतं.

काचेचं कपाट सोमवारी आलं. त्यात माझी पुस्तकं लावली आहेत. विमान तुमच्या टेबलावर आहे. दोन फासळ्या मी कापल्या. पहिली चुकली, दुसरी बसली. एक फासळी अजून करायची आहे, आणि रेशीम चढवायचं आहे.